अपघात आणि घातपात : बिनतारी यंत्रनियंत्रणातील आज्ञेच्या अस्सलपणाचा प्रश्न

१

मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या माणसाला किल्ल्याचा तट दुरूनच दिसू लागतो. दरवाजा मात्र अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तटाच्या नागमोडी वळणात, बुरुजांच्या आड तो अशा रीतीने बसविलेला आहे की, वाट ठाऊक नसलेल्या शत्रूने नेमके कोठे यावे हेच त्याला कळू नये. पाण्याखालील खडकांमधून जाणारी वाटही स्थानिक तांडेलालाच माहीत असावयाची. सतराव्या शतकातील जलदुर्गरचनेचे हे एक उत्तम उदाहरण होय, आणि त्याची प्रशंसा अनेक अभ्यासकांनी यथायोग्य केली आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय दुर्गस्थापत्य हा नव्हे. कारखान्यांतील, बंदरांतील आणि खाणींतील अवजड यंत्रे आज दोरावाचून, हातातल्या लहानशा पेटीतून निघणाऱ्या रेडिओलहरींनी चालविली जातात. या पद्धतीच्या इतिहासात सुरक्षेची कल्पना कशी घडत गेली, तिच्यात कोणता दोष राहिला आणि तो इतकी वर्षे का राहिला, एवढेच येथे पाहावयाचे आहे. तरीही सिंधुदुर्गाच्या दरवाजापासून आरंभ करण्याला कारण आहे. दूर असलेल्या माणसाला किंवा यंत्राला आज्ञा पोहोचविणे, आणि ती आज्ञा खऱ्या धन्याचीच आहे याची खात्री पटविणे, हा प्रश्न रेडिओच्या जन्मापूर्वी फार आधीपासून राज्यकर्त्यांपुढे होता. मराठ्यांनी त्याला दिलेले उत्तर आपल्या दप्तरखान्यांत शाबूत आहे. यंत्रनियंत्रणाच्या अलीकडील इतिहासाशी ते ताडून पाहिले असता काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

चर्चेच्या सोयीसाठी दोन शब्द आरंभीच वेगळे करून ठेवतो. यंत्र बिघडल्यामुळे, माणूस चुकल्यामुळे किंवा निसर्गामुळे जी हानी होते तो अपघात. कोणी जाणूनबुजून घडवून आणलेली हानी हा घातपात. परिणाम दोहोंचा एकच असू शकतो. तुटून पडलेल्या बोज्याखाली सापडलेल्या मजुराला त्यातील भेद कळत नाही. परंतु त्यांच्यापासून संरक्षण करण्याचे उपाय भिन्न आहेत, आणि हा भेद विसरला गेला हेच पुढील इतिहासाचे मर्म आहे.

२

सिंधुदुर्गाच्या बांधकामास १६६४ साली कुरटे बेटावर आरंभ झाला आणि १६६७ साली ते पुरे झाले. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १७६५ साली, मुंबईकर इंग्रजांच्या आरमाराने तो जिंकला आणि त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पुढील वर्षीच्या तहाने किल्ला करवीरकरांस परत मिळाला. ही घटना येथे एवढ्याचसाठी सांगावयाची की, दडविलेल्या दरवाजाने शत्रूला विलंब होतो, कायमचा अटकाव होत नाही. जी वाट रोजच्या रहदारीची आहे ती कधी ना कधी परक्याला कळतेच.

मराठी राज्यकर्त्यांना हे ठाऊक होते. म्हणून किल्ल्याचा कारभार त्यांनी दरवाजाच्या गुप्ततेवर सोडला नव्हता. सभासदाच्या बखरीत गडांच्या व्यवस्थेचे जे वर्णन येते त्यात हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे समान दर्जाचे तीन अधिकारी दिसतात. एकाने फितुरी केली तरी किल्ला जाऊ नये, हा या योजनेचा उद्देश उघड आहे.

लेखी आज्ञांच्या बाबतीत हीच सावधगिरी अधिक सूक्ष्म रूपाने आढळते. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे. त्यावरून आज्ञा कोणाची हे कळे. अखेरीस मर्यादेची लहान मुद्रा, म्हणजे मोर्तब, होई. तिच्यापुढे मागाहून कोणी ओळ वाढविल्यास ती उघडी पडे. कागदाचे बंद एकास एक जोडून लांब पत्र केले असेल तर जोडावर पाठीमागून मुद्रा उठवीत, म्हणजे मधला बंद बदलता येत नसे. पत्रावर मिती असे. त्यामुळे गतवर्षीचा हुकूम यंदा नवा म्हणून पुढे करता येत नसे. आणि ‘सुरू सूद’, ‘बार’ यांसारख्या शेऱ्यांवरून पत्र रीतसर नोंदले गेल्याचे कळे. धनी कोण, मजकूर पुरा आहे काय, आज्ञा ताजी आहे काय आणि तिची नोंद कोठे आहे, या चारही प्रश्नांची उत्तरे एका कागदावर मिळत. पुढील विवेचनात हे चार प्रश्न वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

३

बिनतारी लहरींनी दूरची वस्तू हलविण्याचा एक अगदी आरंभीचा जाहीर प्रयोग आपल्याच देशात झाला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास कलकत्त्यात विद्युल्लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू उडवून दाखविली. घंटा आणि दारू ही जोडी सूचक आहे. त्याच लहरीने सूचना देता येते आणि स्फोटही घडविता येतो. फरक पलीकडे काय जोडले आहे एवढाच.

१८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात लहरींनी चालणारी छोटी नौका लोकांपुढे मांडली. तिचा एकस्वाधिकार त्यांस त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मिळाला. योगायोग असा की, राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंडही १८९८ सालचाच. एकीकडे जुन्या कागदांच्या अस्सलपणाची चिकित्सा महाराष्ट्रात पद्धतशीरपणे सुरू होत होती, तर दुसरीकडे कागदावाचून, मुद्रेवाचून आज्ञा धाडण्याचे साधन जन्मास येत होते.

टेस्ला यांना या साधनातील उणीव दिसली होती, हे त्यांच्या श्रेयाचे मानले पाहिजे. १९०३ साली मिळालेल्या दुसऱ्या एका एकस्वाधिकारात त्यांनी एकाऐवजी दोन किंवा अधिक भिन्न लहरी एकदम पाठविण्याची आणि त्या सर्व जुळल्या तरच ग्राहकयंत्र हलेल अशी योजना केली. अनेक आकडे जुळल्यावाचून न उघडणाऱ्या कुलुपासारखीच ही कल्पना होती.

त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जे घडले त्यावरून या काळजीचे कारण कळते. मार्कोनी यांचा संदेश दूरवर कॉर्नवॉलमधील पोल्ढू येथून यावयाचा होता आणि प्राध्यापक फ्लेमिंग व्याख्यान देत होते. आपल्या यंत्रांची जुळणी अशी नेमकी आहे की परक्याला तिच्यात शिरता येणार नाही, असा मार्कोनी यांचा दावा होता. नेव्हिल मॅस्केलीन नावाच्या जादूगाराने जवळच्याच एका ठिकाणाहून आपल्या प्रेषकाने त्या ग्राहकयंत्रावर थट्टेचे शब्द उमटवून तो दावा खोटा पाडला. फ्लेमिंग यांनी वृत्तपत्रातून संताप व्यक्त केला. परंतु मॅस्केलीन यांनी विज्ञानाची सेवाच केली असे आज म्हणावे लागते. जुळणी म्हणजे ओळख नव्हे, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले.

या आरंभकाळातील आणखी एक नाव स्पेनचे लेओनार्दो तोरेस केवेदो यांचे. त्यांनी आपले ‘तेलेकिनो’ यंत्र मुळात विमाननौकांच्या परीक्षणात माणसांचे जीव धोक्यात घालावे लागू नयेत म्हणून कल्पिले होते. १९०६ साली बिल्बाओच्या खाडीत, राजाच्या उपस्थितीत, त्यांनी किनाऱ्यावरून नौका चालवून दाखविली. माणसाला संकटापासून दूर ठेवणे हा दूरनियंत्रणाचा पहिला नैतिक आधार होय, आणि तो आजही ढळलेला नाही. प्रश्न एवढाच राहिला की, माणूस यंत्रापासून दूर गेला म्हणजे यंत्राजवळ दुसरा कोणी येऊ शकतो.

४

युद्धाने हा प्रश्न प्रत्यक्ष दाखविला. १९४३ साली जर्मनांनी रेडिओने वळविता येणारे बाँब वापरले. ९ सप्टेंबर १९४३ रोजी ‘रोमा’ ही इटलीची मोठी युद्धनौका अशाच बाँबने बुडाली. दोस्तराष्ट्रांनी त्या बाँबच्या आज्ञालहरी शोधून त्यांवर गोंगाट सोडण्याची यंत्रे बनविली आणि या शस्त्राचा प्रभाव उत्तरोत्तर कमी होत गेला. तत्पूर्वी, ११ ऑगस्ट १९४२ रोजी, अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना अमेरिकेत एक एकस्वाधिकार मिळाला होता. पाणतीराला दिली जाणारी आज्ञा ८८ वारंवारतांवरून, दोघांनाच ठाऊक असलेल्या क्रमाने, उड्या मारीत जावी, अशी ती योजना होती.

युद्धशास्त्राने असा धडा घेतला की, आज्ञालहरीचा शत्रू गृहीत धरलाच पाहिजे. याच्याही पूर्वी, १८८३ साली, ऑग्युस्त केर्कहोफ्स यांनी सांकेतिक लेखनाविषयी एक तत्त्व मांडले होते. संकेतपद्धती शत्रूच्या हाती पडली तरी चालावे. गुप्त राहावी ती किल्ली. सिंधुदुर्गाच्या भाषेत सांगावयाचे तर, दरवाजा कोठे आहे हे जगाला कळले तरी हरकत नसावी, कारण त्यास खरे कुलूप आहे.

हे ज्ञान कारखान्यात पोहोचले नाही. ते का पोहोचले नाही, हे पाहण्यासाठी कारखान्याकडे वळले पाहिजे.

५

अवजड बोजा उचलणारी यारी, म्हणजे आपल्या बोलीतील क्रेन, पूर्वी उंचावरील खोलीत बसलेला चालक चालवी. खालचा माणूस हाताच्या खुणा करी आणि वरचा त्या पाही. पुढे यारीपासून लोंबणाऱ्या दोरावर खटक्यांची पेटी आली. तिच्यामुळे चालक खाली आला. पण दोर जेवढा, तेवढ्याच अंतरावर, म्हणजे बहुधा बोज्याच्या अगदी जवळ, त्याला चालावे लागे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत रेडिओपेटीने हा दोर तोडला. चालकाला स्वतःला निर्धोक जागा निवडता येऊ लागली, बोजा कोठे टेकतो हे समोरून पाहता येऊ लागले. ही सुधारणा खरी होती, आणि तिच्यामुळे पुष्कळांचे प्राण वाचले असतील याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

अशा पेटीचे कार्य थोडक्यात असे. खटका दाबताच पेटी एक लहान संदेश पाठविते. त्यात पेटीचा स्वतःचा क्रमांक, ‘वर’, ‘खाली’, ‘डावीकडे’ अशी आज्ञा, आणि मजकूर वाटेत बिघडला नाही हे पाहण्यासाठी एक ताळा असतो. हा संदेश एका सेकंदात अनेक वेळा पुनःपुन्हा जातो. यारीवरील ग्राहकयंत्र क्रमांक आणि ताळा जुळल्यास आज्ञा पाळते. काही क्षण संदेश आलाच नाही तर यंत्र आपोआप थांबते. पेटीवरील तांबडे बटन दाबल्यास सर्व हालचाल तत्काळ बंद होते.

ही रचना अपघाताच्या दृष्टीने विचारपूर्वक केलेली आहे. विजेचा गोंगाट झाला तर ताळा चुकतो. शेजारच्या यारीची पेटी दाबली गेली तर क्रमांक जुळत नाही. चालक कोसळला आणि खटका सुटला तर यंत्र थांबते. पण घातपाताच्या दृष्टीने पाहिले तर चित्र पालटते. ताळा हा निसर्गाच्या चुका पकडण्यासाठी आहे. शहाणा शत्रू खोट्या मजकुराचा ताळाही बरोबर जुळवितो. क्रमांक उघड्या हवेतून जातो. तो एकदा ऐकणाऱ्याला तोच क्रमांक धारण करता येतो. याहून सोपी युक्ती म्हणजे खऱ्या चालकाचा संदेश जसाच्या तसा टिपून ठेवणे आणि मागाहून सोडणे. संदेशावर मिती नसल्यामुळे कालचा हुकूम आजही ताजाच ठरतो. मराठी दप्तराने कागदाला विचारलेल्या चार प्रश्नांपैकी यंत्र फारतर एकाचे, तेही अर्धेच, उत्तर मागत होते.

कायद्याची दृष्टीही अशीच एकांगी राहिली. १९४८च्या कारखाने अधिनियमाने यंत्राची शक्ती संकटकाळी तोडण्याची साधने प्रत्येक कार्यशाळेत असावीत असे सांगितले. यारीच्या मार्गाजवळ काम करणाऱ्या माणसाच्या वीस फुटांच्या आत यारी येऊ नये अशी व्यवस्था करावी असेही सांगितले. या तरतुदींनी भारतीय कामगाराला मोठे संरक्षण दिले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या कामगारसंहिता अमलात येऊन त्या अधिनियमाची जागा घेईपर्यंत, सुमारे पाऊण शतक, कारखान्यांतील सुरक्षेची चौकट तीच होती. तिच्या कर्त्यांना यारी कोण चालवितो हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. चालक डोळ्यांसमोर होता.

बिनतारी साधनांचा कायदा वेगळ्या खात्याकडे, वेगळ्या हेतूने घडला. २००५ साली केंद्र शासनाने यारींच्या दूरनियंत्रणासाठी ३३५.७१२५ पासून ३३५.८३७५ मेगाहर्ट्झपर्यंतच्या सहा वारंवारता परवान्यावाचून वापरण्यास मोकळ्या केल्या, आणि प्रेषणशक्तीची मर्यादा एक मिलिवॅट एवढी अल्प ठेवली. एकाच्या लहरींनी दुसऱ्याच्या कामात व्यत्यय येऊ नये हा त्यामागील हेतू. ही मर्यादा प्रामाणिक वापरणाराच पाळणार. बाहेरून येणारा पाळीलच असे नाही. कामगारकायदा अपघात पाहत होता, लहरींचा कायदा व्यत्यय पाहत होता. खोट्या नावाने आलेली आज्ञा दोन्ही खात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहिली. युद्धशास्त्राचे ज्ञान कारखान्यात न येण्याचे कारण, आमच्या मते, अज्ञान हे नसून ही खातेवारी विभागणी हे होय.

६

एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही घटनांनी ही मोकळी जागा उघड केली. त्यांतील पहिली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातील मरूची येथील. तेथील सांडपाण्याचे पंप रेडिओसंदेशांनी चालविले जात. २००० सालच्या पहिल्या काही महिन्यांत पंप अकारण बंद पडू लागले, धोक्याच्या सूचना येईनाशा झाल्या आणि सुमारे आठ लाख लिटर मैला ओढ्यांत व उद्यानांत गेला. प्रथम सर्वांनी हा यंत्रातील बिघाडच समजला. तपास करणाऱ्या अभियंत्याने मात्र एक साधी युक्ती केली. ज्या पंपस्थानकाच्या नावाने संशयास्पद संदेश येत होते त्याचा १४ हा क्रमांक बदलून त्याने ३ केला. यानंतरही १४ क्रमांकाने संदेश येतच राहिले. म्हणजे ते खऱ्या स्थानकाचे असणे शक्यच नव्हते. पुढे त्या यंत्रणेच्या कंत्राटदाराकडील एका माजी कर्मचाऱ्यास रेडिओसंच व संगणकासह पकडण्यात आले आणि २००१ साली त्यास दोन वर्षांची शिक्षा झाली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या तपासात ओळखीची पद्धत दिसेल. बनावट कागद शोधताना आपणही हेच करतो. ज्या अधिकाऱ्याची बदली झाली त्याच्याच नावाने मागाहूनचे पत्र निघाले, तर ते पत्र खोटे.

दुसरी घटना पोलंडमधील लोद्झ शहरातील. जानेवारी २००८ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाने दूरचित्रवाणीच्या रिमोटमध्ये फेरफार करून ट्रामचे सांधे बदलले. चार ट्रामगाड्या रुळांवरून घसरल्या आणि बारा माणसे जखमी झाली. तेथे रेडिओ नव्हता, अवरक्त किरण होते. दोष मात्र तोच. सांध्याचे यंत्र आज्ञा ऐकत होते, आज्ञा करणाराची ओळख विचारीत नव्हते.

जानेवारी २०१९ मध्ये ट्रेंड मायक्रो या संस्थेच्या संशोधकांनी औद्योगिक रेडिओपेट्यांचा एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. सात उत्पादकांची साधने त्यांनी तपासली आणि प्रयोगशाळेबाहेर, मालकांच्या संमतीने, प्रत्यक्ष यंत्रांवरही प्रयोग केले. टिपलेला संदेश पुन्हा सोडून यंत्र हलविता येते. एका संदेशावरून दुसऱ्या आज्ञा बनविता येतात. काही साधनांत परकी पेटी यंत्राशी जोडून घेता येते. आणि ‘थांब’ हा संदेश सतत सोडीत राहून यंत्र बंद पाडून ठेवता येते, असे त्यांना आढळले. यातील शेवटचा निष्कर्ष सर्वांत मर्मभेदक आहे. जे बटन कामगाराच्या रक्षणासाठी होते तेच घातपाताचे साधन झाले.

हा निष्कर्ष केवळ तात्त्विक नव्हता, हे चार वर्षांनी दिसून आले. पोलंडच्या रेल्वेत संकटकाळी सर्व गाड्या थांबविण्यासाठी तीन स्वरांचा एक रेडिओसंकेत होता. त्याला कसलेही कुलूप नव्हते, कारण संकटाच्या वेळी कोणालाही तो देता यावा अशीच अपेक्षा होती. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस कोणीतरी तोच संकेत हवेत सोडून वीसहून अधिक गाड्या थांबविल्या. कोणी दगावले नाही. पण यंत्रणेतील सर्वांत दयाळू तरतूद हीच सर्वांत असुरक्षित ठरली.

येथे एक खरी अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. ‘थांब’ ही आज्ञा फार कडक पडताळणीत अडकविली तर ती एखादे वेळी वेळेवर पोहोचणार नाही आणि माणूस मरेल. तिला मोकळे ठेवले तर कोणीही काम बंद पाडील. अपघाताचा विचार करणारा म्हणेल, शंका आली की थांबवा. घातपाताचा विचार करणारा म्हणेल, ओळख पटल्यावाचून ऐकू नका. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. यारीच्या बाबतीत त्यातल्या त्यात ग्राह्य उत्तर असे दिसते की, हालचालीच्या प्रत्येक आज्ञेला कडक ओळख व क्रमांकित ताजेपणा हवा. थांबण्याच्या आज्ञेला थोडी सवलत असावी. आणि एकदा थांबलेले यंत्र पुन्हा सुरू करण्यास मात्र पुन्हा पूर्ण ओळख लागावी. अन्यायाने थांबलेल्या यंत्राने दिवस बुडतो. अन्यायाने हललेल्या यंत्राने जीव जातो.

७

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. सिंधुदुर्ग जिल्हा यंत्रांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध नाही. तरीही वेंगुर्ले तालुक्यातील रेडीचे लोहखनिज बंदरातून बाहेर गेलेले आहे, कुडाळला औद्योगिक वसाहत आहे, दक्षिणेस मुरगाव आणि उत्तरेस न्हावा-शेवा ही मोठी बंदरे आहेत आणि कोकणचा तरुण त्या सर्व ठिकाणी कामास आहे. म्हणून हा प्रश्न परका नव्हे.

न्हावा-शेव्याचा अनुभव ताजा आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संगणकीय उपद्रवाने एका जागतिक नौवहनकंपनीची यंत्रणा कोलमडली आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. तेथील यारी मोडल्या नव्हत्या. कोणती पेटी कोठे न्यावयाची ही आज्ञाच विश्वासार्ह राहिली नव्हती. ही घटना रेडिओची नव्हे, जाळ्याची. पण आज्ञेचा उगम दूषित झाला की धडधाकट यंत्रही निरुपयोगी होते, हे तिने महाराष्ट्राच्याच बंदरात दाखवून दिले.

कोकण रेल्वेचा अनुभव दुसऱ्या अंगाने बोधप्रद आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि सुमारे पन्नास माणसे मृत्यू पावली. या मार्गावरील सुरक्षेचा विचार डोंगर, पाऊस आणि मानवी चूक यांच्या अनुषंगाने व्हावा हे स्वाभाविकच होते. कोकण रेल्वेचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या कल्पनेतून निघालेले ‘रक्षाकवच’ हे साधन याच विचारपरंपरेतील. गाड्यांनी रेडिओने एकमेकींची जाणीव घ्यावी आणि टक्कर होण्यापूर्वी ब्रेक आपोआप लागावेत, अशी ती योजना होती. पुढे २०२० साली भारतीय रेल्वेने राष्ट्रीय पद्धती म्हणून स्वीकारलेल्या ‘कवच’ या निराळ्या यंत्रणेत रेडिओसंदेशाची सत्यता गुप्त किल्लीच्या साहाय्याने पडताळण्याची तरतूद आहे. अपघाताच्या विचाराला घातपाताच्या विचाराची जोड मिळाल्याचे हे आपल्याकडील एक चांगले चिन्ह होय.

यारींच्या क्षेत्रात मात्र हा बदल सावकाश होत आहे. बिनतारी यंत्रनियंत्रणाविषयीचे आयईसी ६२७४५ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१७ साली निघाले. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या यंत्रविषयक नियमांत यंत्राची आज्ञाप्रणाली जाणीवपूर्वक केलेल्या फेरफारापासूनही सुरक्षित असावी अशी अट आली असून तिच्या अंमलबजावणीसाठी जानेवारी २०२७ हा काळ ठरविण्यात आला. पण एकदा बसविलेली यारी दशकानुदशके चालते. आज नवा नियम झाला तरी जुनी पेटी चालकाच्या कंबरेला पुष्कळ वर्षे राहील.

८

अखेरीस, या विषयात प्रत्यक्ष पणाला काय लागले आहे ते सांगितले पाहिजे. धोका फक्त बोज्याखालच्या मजुराला नाही. पेटी हातात धरणाऱ्यालाही आहे. यारी अचानक हलली आणि कोणी दगावले, तर पहिला प्रश्न चालकाला विचारला जातो. खटका त्यानेच दाबला असे सर्वजण गृहीत धरतात. ज्या संदेशावर मिती नाही, ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, आणि जो हवेत विरून गेला, त्याच्या आधारे आपले निर्दोषत्व त्याने कसे सिद्ध करावे? मरूची येथे संदेशांची नोंद ठेवण्याची सोय होती, म्हणून खरा अपराधी सापडला. जेथे ती नाही तेथे घातपात हा बिघाड ठरतो आणि बिघाड हा चालकाचा निष्काळजीपणा ठरतो. यंत्राच्या दप्तरात प्रत्येक आज्ञेची आवक असावी ही मागणी म्हणूनच केवळ तांत्रिक नाही. ती न्यायाची आहे.

मराठी दप्तराशी केलेली ही तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावी. मुद्रा चोरीस जाई, कारकून फितूर होई, आणि बनावट सनदांचे खटले आपल्या इतिहासात पुष्कळ आहेत. शिवाय कागद तपासण्यास माणसाला घटकाभर मिळे. ग्राहकयंत्राला सेकंदाचा अंशही मिळत नाही. तुलनेचा उपयोग एवढाच की, धनी, मजकूर, मिती आणि नोंद ही चौकडी पूर्वजांना आवश्यक वाटली आणि आपण नवे साधन घेताना ती गाळली, हे तिच्यामुळे दिसते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे संशोधनास मोठे क्षेत्र आहे. रेडी, मुरगाव आणि न्हावा-शेवा येथील यंत्रसामग्री केव्हा बदलली, दोराची पेटी जाऊन रेडिओपेटी केव्हा आली, अपघातांच्या चौकशीत आज्ञेच्या उगमाविषयी काही विचारले गेले काय, याची साधने बंदरांच्या नोंदवह्यांत, कारखानेनिरीक्षकांच्या अहवालांत आणि यंत्रांबरोबर आलेल्या सूचनापुस्तकांत शोधता येतील. निवृत्त चालकांच्या आठवणी तर त्यांच्या हयातीतच टिपून घेतल्या पाहिजेत. वरच्या खोलीतून खालच्या माणसाच्या हाताची खूण पाहून ज्यांनी यारी चालविली, त्यांना आज्ञा कोणाची आहे हे चेहऱ्यावरून कळत असे. ती ओळख कधी आणि कशी गेली, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे कोणीच सांगू शकणार नाही.